पडदे अनेक, घर एक



१९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा गावोगावी एका संचासमोर सारी आळी जमे. आज एकाच घरात चौघांच्या हाती चार भ्रमणध्वनी आणि चौघांपुढे चार निराळी जगे! आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची नोंद ठेवून यूट्यूब पुढचे सुचविते. शेतकऱ्याला कापसाचे भाव घरबसल्या कळतात, ही सोय खरीच. परंतु आवडते तेच सतत पुढे आले, तर नावडते सत्य कानी पडणार कसे? घरात मतभेद असावेत. पण बोलण्याचा विषयच समाईक उरला नाही, तर संवाद खुंटतो. म्हणून रोज रात्री भ्रमणध्वनी बाजूला ठेवून घरात एक वृत्तपत्र मोठ्याने वाचावे व त्यावर सर्वांनी बोलावे, एवढीच विनंती.