हॉल पाडण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दुपारच्या सभेत रस्त्याकडेच्या आपल्या जुन्या हॉलचा विषय निघणार आहे. तो पाडून गाळे काढावेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटत नाही. का, ते मुंबईतल्या एका इमारतीवरून सांगतो. नोकरीच्या काळात तिच्यासमोरून माझं रोजचं जाणं-येणं होतं.

मरीन लाइन्सचं लिबर्टी थिएटर. १९४९ साली ते 'अंदाज'नं सुरू झालं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, म्हणून नाव लिबर्टी. तेव्हा मेट्रो, रीगल, इरॉस अशी झकपक थिएटरं इंग्रजी चित्रपटांची. हबीब हुसेन यांनी तेवढ्याच थाटाचं थिएटर हिंदी चित्रपटांसाठी बांधलं. आतली सजावट वामन नामजोशींची. जयपूरचं राजमंदिरही त्यांचंच. पडद्याच्या बाजूला गोठलेल्या कारंज्यासारखी उजळणारी नक्षी आहे. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा चित्रपट सुरू झाला तरी तिकडेच बघत होतो! १९५७ मध्ये 'मदर इंडिया' इथे लागला. १९९४ चा 'हम आपके हैं कौन' तर शंभराहून अधिक आठवडे चालला.

मग मल्टिप्लेक्स आले. सुमारे बाराशे खुर्च्या रोज भरणार कुठून? पण थिएटर पाडलं नाही. तिथे मैफली झाल्या, कार्यक्रम झाले, 'कशिश' चित्रपट महोत्सव भरला. रोजच्या खेळांइतकं उत्पन्न यातून येत नाही, हे मला मान्य आहे.

आणि आपला हॉल तरी एकाच कामाचा कधी होता? सकाळी प्रार्थना, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, निवडणुकीत मतदान, उन्हाळ्यात लग्नं. आपल्यातल्या दोघांची तर तिथेच लागली, समोरच बसलेत!

छत गळतं, हे खरं. आधी इंजिनिअरकडून स्लॅबची तपासणी करून घ्या. धोका निघाला तर पाडायला मीही हात वर करीन, पोरांच्या जिवापुढे काही नाही. पण नुसत्या गाळ्यांच्या भाड्यासाठी नको. मेहरूणची मुलं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पैसे भरून शहरातल्या अभ्यासिकांत जातात. घरात दोन खोल्या, त्यात टीव्ही चालू, करणार काय? त्यांना हा हॉल दिवसभर उघडा ठेवू. सुट्टीच्या दिवशी समारंभांना भाड्यानं देऊ, वीजबिल तरी निघेल.

पहिल्या वीस खुर्च्या आमच्या १९८४ च्या बॅचच्या. खजिनदार, लिहून घ्या.