घंटा वाजली की थांबणारे हात

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गोठ्यात असाल. रेडिओचा आवाज जरा वाढवा. घरातल्या पुरुषमाणसांच्या कानावर पडलं तरी हरकत नाही, उलट पडलेलं बरं.

दर वेळी आम्ही बचत, हप्ते, बँकेचं कर्ज याबद्दल बोलतो. आज एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. सिनेमा इंग्रजी आहे, अमेरिकेतला आहे, आणि आहे एका बॉक्सरवर. तुम्ही म्हणाल, ठोसे मारणाऱ्या माणसाशी आपला काय संबंध? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. गटातल्या एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं लॅपटॉपवर तो लावला आणि मध्ये मध्ये थांबवून समजावून सांगितला. संपला तेव्हा बराच वेळ कुणी उठलंच नाही.

सिनेमाचं नाव ‘रेजिंग बुल’, म्हणजे खवळलेला बैल. १९८० साली आला. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी. जवळजवळ सगळा सिनेमा काळा-पांढरा आहे. गोष्ट खरी आहे, जेक लामोटा या बॉक्सरची. हा न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागातला, गरीब वस्तीतला. त्याचं काम रॉबर्ट डी नीरोनं केलंय. उतारवयातला सुटलेला जेक दाखवायला या नटानं सुमारे २७ किलो वजन वाढवलं. त्याला या कामाचं ऑस्करही मिळालं.

हा जेक रिंगणात सहजासहजी कुणाला हार जायचा नाही. १९४३ साली त्यानं शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. त्याआधी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये रॉबिन्सनला कुणी हरवलं नव्हतं. १९४९ साली जेक मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला. बाहेर टाळ्या, वर्तमानपत्रात फोटो.

आणि घरी? मांस नीट भाजलं नाही म्हणून पहिल्या बायकोसमोर जेवणाचं टेबल उलटं करतो. दुसरी बायको विकी, लग्नाआधी भेटली तेव्हा कोवळी पोर. तिच्यावर सतत संशय. कुठे गेली होतीस, कुणाशी बोललीस, इतका वेळ का लागला? एकदा ती सहज म्हणते, अमुक बॉक्सर दिसायला चांगला आहे. एवढंच. पुढच्या लढतीत जेक त्या पोराचा चेहरा ओळखू येणार नाही असा करतो. पुढे तर स्वतःच्या सख्ख्या भावावरच संशय घेतो आणि त्याच्या बायकोपोरांसमोर त्याला मारतो. सोडवायला आलेल्या विकीलाही मारतो.

सिनेमा संपल्यावर आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “माणूस वाईट नव्हता गं. राग आवरायचा नाही त्याला, एवढंच.” दोघीतिघींनी माना डोलावल्या. एक जण म्हणाली, “संशय घेतो म्हणजे जीव असतो.” तेवढ्यात ती कॉलेजातली मुलगी म्हणाली, “मावशी, पण तो मुद्दाम हरला ती मारामारी आठवा ना.”

ती लढत तुम्हालाही सांगतो. साल १९४७, समोर बिली फॉक्स नावाचा बॉक्सर. सट्टेबाज गुंडांनी जेकला सांगितलं होतं, ही लढत हरायची, तरच जगज्जेतेपदाची संधी मिळेल. जेक रिंगणात उभा राहिला आणि त्यानं मार खाल्ला. अंगात समोरच्याला लोळवायची ताकद होती, हजारो लोक बघत होते, अपमान होत होता. तरी त्याचे हात आवरलेले राहिले. ही सिनेमावाल्यांनी रचलेली गोष्ट नाही. १९६० साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे जेकनं स्वतः हे कबूल केलं.

मग मैत्रिणींनो, राग आवरत नव्हता असं कसं म्हणायचं? बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची असते. घंटा वाजली की हात खाली. रक्त सळसळत असलं, समोरचा कोसळायला आला असला, तरी घंटेनंतर मारायचं नाही. जेकनं हा नियम वर्षानुवर्षं पाळला, कारण तिथे पंच होता, लोक बघत होते, मोडला तर नुकसान त्याचं होतं. घरी ना पंच, ना घंटा. राग तोच, हातही तेच. बाहेर ते थांबत होते आणि घरात थांबत नव्हते, कारण घरात थांबवणारं कुणी नव्हतं.

हे ऐकल्यावर आम्ही गप्प झालो, त्याला कारण आहे. मागे आमच्याच गटातली एक बहीण बैठकीला यायची बंद झाली होती. नाव, गाव सांगणार नाही. फोनवर कुणाशी बोलतेस म्हणून घरात मारहाण व्हायची. आम्ही चौघी तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि तिलाच समजावलं. रागाच्या भरात होतं, मनाचा चांगला आहे, तू जरा जपून वाग. तिचा हप्ता पुन्हा सुरू झाला म्हणून आम्हाला बरंही वाटलं. तिच्या दारात आम्हाला पंच व्हायची संधी होती आणि आम्ही तिलाच नियम शिकवून आलो. तोच माणूस बँकेच्या साहेबांसमोर, दुकानदारासमोर किती अदबीनं वागतो, हे आम्ही चौघींनी पाहिलेलं होतं. ही चूक आमची. सिनेमा पाहिल्यानंतर आम्ही पुन्हा तिच्याकडे गेलो. या वेळी समजावलं काहीच नाही, फक्त तिचं ऐकलं. पुढे काय करायचं ते ती ठरवेल. आम्ही सोबत आहोत, एवढं सांगून आलो.

सिनेमाचा शेवट सांगतो. १९५१ साली त्याच रॉबिन्सननं जेकला बेदम मारलं आणि त्याचं जगज्जेतेपद गेलं. पुढे त्यानं मायामीत नाइट क्लब काढला. विकी एक दिवस गाडीत बसून, काचेआडूनच सांगते की मी मुलांना घेऊन चालले. मग त्याला अटक होते. पैशांसाठी तो विजेत्याचा पट्टा हातोडीनं फोडून त्यातले खडे काढतो, तर सोनार म्हणतो, पट्टा अख्खा असता तर किंमत आली असती. तुरुंगाच्या कोठडीत तो भिंतीवर डोकं आणि मुठी आपटतो. तेव्हा आम्हालाही त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? पण दया येणं वेगळं आणि त्याच्यासाठी बाईनं मार खात राहणं वेगळं.

खऱ्या जेकबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. सिनेमा पाहून त्यानं विकीला विचारलं, “मी खरंच असा होतो?” ती म्हणाली, “याहून वाईट होतास.” तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती.

विकीच्या काळात तिला मदत करणारं फारसं कुणी नव्हतं. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात नुसती मारहाण नाही, तर शिवीगाळ, अपमान, पैशांची कोंडी हेही येतं. घर तुमच्या नावावर नसलं तरी मनाला येईल तेव्हा तुम्हाला बाहेर काढता येत नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर पाठ करून ठेवा. तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांकडे करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, एखादी सलग दोन बैठकांना आली नाही तर हप्त्याची चौकशी नंतर करा. आधी ती कशी आहे ते विचारा. “जपून वाग” एवढं मात्र तिला सांगू नका.