मंडपाखालची माणसे
(कलशारोहणाच्या पूर्वतयारी सभेतील भाषण)



सोहळ्यासाठी भाड्याचा मोठा मंडप घालण्याचे ठरले आहे. त्याविषयी चार शब्द सांगतो.

२३ जून २०१९ रोजी राजस्थानात त्या वेळी बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोल येथे रामकथा चालू असता वादळी पावसात मंडप कोसळला व १४ भाविक दगावले. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मंडपास आग लागून ४०० हून अधिक जीव गेले. त्यांत मुले फार होती.

म्हणून मंडपवाल्याशी घासाघीस करावी, पण खुंट्या व दोर कमी करून नव्हे. खुंटी खोल ठोकावी, तिचा माथा बाहेरच्या बाजूस कललेला असावा. जमीन भिजली की खुंटी ढिली होते. सकाळ-संध्याकाळ दोर तपासावेत. कापडास उतार हवा. एक चौरस मीटर कापडावर १० सेंटिमीटर पाणी साचले तर १०० किलो भार होतो. महाप्रसादाच्या चुली दूर असाव्यात, वायरीचा जोड उघडा नसावा, बाहेर पडण्याच्या वाटा रुंद व मोकळ्या असाव्यात. ओले कापड वाळवूनच घडी करावे.

माझी एकच विनंती आहे. दोन जाणती माणसे नेमून कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार त्यांना द्यावा. वारा सुटला की वीज बंद करून सर्वांना शाळेच्या पक्क्या इमारतीत न्यावे. कीर्तन थांबले तर पुन्हा उभे राहील. त्यात देवाचा वा बुवांचा अवमान नाही.