हिवतापाची गोळी आणि प्रोलॅक्टिन
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले निवेदन)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांच्या देयकांशी माझा संबंध. त्यांच्या गुणधर्मांविषयी बोलणे हा आगाऊपणाच. तरीही एका प्रसंगामुळे बोलत आहे.

एक गृहस्थ मुलीच्या औषधाचे देयक घेऊन माझ्या कक्षात आले. मुलीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठ होती. त्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले आणि मासिक पाळी बंद. कॅबरगोलिनच्या गोळ्या चालू होत्या. खिशातून एक कात्रण काढून ते म्हणाले, "साहेब, हिवतापाच्या स्वस्त गोळीने ही गाठ आटते म्हणतात. मग ही महाग गोळी बंद करू का?"

मी त्यांना तत्काळ आमच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे जे ऐकले ते असे. क्लोरोक्विन हे औषध जर्मनीत 1934 साली तयार झाले. पेशी आपलेच जीर्ण भाग पचवून तग धरते. या क्रियेच्या संशोधनासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरोक्विन हे पचन मध्येच अडवते. 2017 साली चिनी संशोधकांनी ते कॅबरगोलिनच्या जोडीला दिले, तेव्हा गाठीच्या पेशींवरील परिणाम वाढलेला दिसला. परंतु हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर झाले होते. शिवाय क्लोरोक्विन जोडीला दिले होते, कॅबरगोलिनच्या जागी नव्हे! बहुतेक रुग्णांना कॅबरगोलिन एकटेच पुरते. ज्या थोड्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी हा शोध चालला आहे.

क्लोरोक्विन दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला व हृदयाला अपाय होऊ शकतो. गाठ मोठी झाल्यास तीही दृष्टीच्या नसेवर दाब आणते. म्हणजे स्वस्त गोळीच्या आशेने उपचार सोडले असते, तर मुलीची दृष्टी दोन्ही बाजूंनी पणाला लागली असती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला हिशेबाच्या दृष्टीनेही महत्त्वाची वाटली. प्रोलॅक्टिन वाढण्यामागे पुष्कळदा गाठ नसतेच. पित्त किंवा उलटीवरील डॉम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड यांसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. म्हणून तपासणीस येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, ही नातेवाइकांना विनंती.

त्या गृहस्थांची खरी अडचण कात्रण नव्हती, पैसा होता. त्यांच्या मुलीच्या कॅबरगोलिनचा खर्च आता गरीब रुग्ण निधीतून केला जातो. त्याची नोंद आपणांस सोबतच्या जमाखर्चात औषध साहाय्य या शीर्षाखाली आढळेल.