पेनड्राइव्हवरची लिनक्स



हार्डडिस्कला हात न लावता, केवळ पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली आपल्या गरजेबरहुकूम घडवता येते.

त्यासाठी डेबियन प्रकल्पात 'लाइव्ह-बिल्ड' हा स्क्रिप्टसंच आहे.

'एलबी कॉन्फिग' ही आज्ञा देताच 'कॉन्फिग' नावाचे फोल्डर तयार होते.

त्यातल्या यादीत, एका ओळीला एक, हव्या त्या पॅकेजांची नावे लिहावीत. देवनागरी टंकांसाठी 'फॉन्ट्स-देवा' अवश्य लिहावे.

मग प्रशासकाच्या अधिकाराने 'एलबी बिल्ड' म्हणताच, मूळ प्रणाली उतरवून, यादीतील पॅकेजे तीत बसवून, सारा ऐवज एकाच दाबलेल्या फाइलीत बांधून, आयएसओ प्रतिमा सिद्ध होते.

पुन्हा सांगतो, ती पेनड्राइव्हवरून चालते; हार्डडिस्क अस्पर्श राहते.

माझ्या मते, प्रतिमेहूनही ती छोटी यादी अधिक जिव्हाळ्याने जपावी.

डेबियनची नवी आवृत्ती आली, की त्या यादीच्याच आधारे नवी प्रतिमा बांधता येते.