टोपली आणि बाजार यांच्यामध्ये

(साहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



"भामरागडला काय पाठवू?" असे तुम्ही दरवर्षी विचारता. आज मी धान्य किंवा कपडे मागायला उभा नाही. तिथे अन्न पिकते. ते टिकत नाही, एवढेच सांगायचे आहे.

गेल्या एप्रिलात एका पहाटे मी एका माडिया बाईंबरोबर मोहाच्या झाडाखाली होतो. ऊन चढण्याआधी गळलेली फुले वेचावी लागतात. वाकून वाकून त्यांनी दोन टोपल्या भरल्या. चार-पाच किलो ओली फुले वाळवली की जेमतेम किलोभर उरतात. मी विचारले, "बाई, घरी किती ठेवणार?" त्या म्हणाल्या, "ठेवू कुठे, दादा? पावसात बुरशी लागते. बाजारात देऊन टाकते." पुढे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, पुलावरून पाणी वाहते, भामरागडची वाट बंद होते. उन्हाळ्यात मिळेल त्या भावाने विकलेली वस्तू त्यांना तेव्हा जास्त पैसे मोजून घ्यावी लागते.

हक्क नाही, असे नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. भामरागडच्या जंगलात मोह, चारोळी, चिंच, आवळा, मध आहे. अडते ते टोपली आणि बाजार यांच्यामध्ये: वाळवणे, निवडणे, साठवणे, नेणे.

इथे आमचीही एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने चारोळी फोडण्याचे यंत्र नेले. वीज कधी असे, कधी नसे. पट्टा तुटला तर दुरुस्ती करणारा जवळ नाही. दोन हंगाम ते झाकून पडले. बायकांना आम्ही आधी विचारलेच नव्हते.

यंदा विचारले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: झाडाखाली बांधायला जाळी, जमिनीपासून उंच वाळवणीचे मांडव आणि घट्ट झाकणाच्या कोठ्या. जाळीत फूल स्वच्छ पडते. शिवाय फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळावा लागत नाही; त्यातून लागणारे वणवेही टळतात. असे स्वच्छ सुके फूल लाडू आणि सरबतासाठी चालते, त्याला भावही बरा येतो.

केंद्र सरकारची 2018 पासूनची वन धन योजनाही आहे. सुमारे 300 जणांच्या केंद्राला 15 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण त्यासाठी गटाला वजन, हिशेब, नोंदी जमल्या पाहिजेत. ते शिकवणे आपल्याला शक्य आहे.

एक अट मात्र बायकांनीच घातली: पहिली कोठी घरासाठी, दुसरी बाजारासाठी. मला ती फार मोलाची वाटते. नाहीतर उद्योग वाढेल आणि लेकरांच्या ताटातले कमी होईल.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांना शक्य आहे त्यांनी एका झाडाची जाळी किंवा एक कोठी द्यावी. हिशेब येणाऱ्या तरुणांनी एक हंगाम आमच्याबरोबर यावे. आणि माल तयार झाला की दया म्हणून नव्हे, चांगला आहे म्हणून, योग्य दाम देऊन घ्यावा. मार्चमध्ये मोह फुलेल. त्याआधी मांडव उभे राहिले पाहिजेत.