संगणकाचा मदरबोर्ड कसा निवडावा?

बाजारात बैलजोडी घ्यायला गेलेला शेतकरी शिंगांचा रंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौद्याला बसतो. संगणकाच्या दुकानात मात्र हाच चाणाक्ष मनुष्य गोंधळून जातो. खोक्यावरची मोठी अक्षरे आणि आतले रंगीत दिवे पाहून तो होय म्हणून मोकळा होतो. म्हणून, सुटे भाग घेऊन घरी किंवा शाळेत जो संगणक जोडतात, त्यातील मदरबोर्ड या एका भागाविषयी आज मी बोलणार आहे.

आधी हा भाग म्हणजे काय ते पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक कामाला लागला. तेव्हाच्या रेडिओत असत तसे हजारो व्हॉल्व्ह त्यात होते. आज त्याहून कितीतरी अधिक काम करणारे यंत्र टेबलावर मावते, आणि त्याचे सारे भाग एका पातळ पाटीवर एकत्र येतात. हीच पाटी म्हणजे मदरबोर्ड. गणित करणारा प्रोसेसर, चालू काम ध्यानात ठेवणारी रॅम, कायमचा साठा करणारी डिस्क, हे सारे तिच्यावर येऊन बसतात किंवा तिला जोडले जातात.

आमच्या नवी मुंबईचे उदाहरण घ्या. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि वाशी, नेरूळ, बेलापूर असे एकेक नोड नकाशावर आखून हे शहर वसवले गेले. घर मागाहून रंगवता येते, दुकानाची पाटी बदलता येते. पण दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या की मधला रस्ता रुंद करणे महाकठीण. मदरबोर्डचे तसेच आहे. त्यावरचे तांब्याचे रस्ते कारखान्यातच आखलेले असतात. रॅम पुढे वाढवता येईल, डिस्क मोठी घालता येईल, पण जागा ठेवलेली असेल तरच. बोर्डामुळे संगणक फारसा वेगवान होत नाही, हे नीट ध्यानात घ्या. त्याला काय काय जोडता येईल आणि तो किती वर्षे उपयोगी पडेल, ते मात्र बोर्ड ठरवतो.

म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा नाही, स्वतःला विचारावयाचा. काम कोणते? पत्रे लिहिणे, हजेरी आणि निकालपत्रके, वर्गात चित्रफीत दाखवणे, मुलांना प्रोग्रामिंग शिकवणे एवढेच असेल तर साधा बोर्ड पुरतो. चित्रपटाचे संकलन किंवा मोठे खेळ यांची गोष्ट वेगळी. काम ठरले की प्रोसेसर ठरवावा, आणि प्रोसेसर ठरला की बोर्ड. आधी स्वस्तात मिळाला म्हणून बोर्ड घ्यायचा आणि मग त्याला शोभेल असा प्रोसेसर शोधत हिंडायचे, हा उलटा व्यवहार झाला.

आता या दोघांची पत्रिका जुळवू. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला एलजीए १७०० हे सॉकेट लागते. १७०० हा त्यातील स्पर्शबिंदूंचा आकडा. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. एएमडी कंपनीचे जुने सॉकेट एएम ४, आणि २०२२ साली आलेले एएम ५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. बरे, नाव जुळले म्हणजे तरी सगळे जुळले का? नाही. एलजीए ११५१ हे सॉकेट २०१५ साली आले. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या सॉकेटचे नावही ११५१ च होते, पण ते प्रोसेसर आधीच्या बोर्डांवर चालत नव्हते. आडनाव एक असले म्हणून घराणे एक असत नाही! यास्तव बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने चालणाऱ्या प्रोसेसरांची जी यादी प्रसिद्ध केलेली असते, तीत आपल्या प्रोसेसरचे पूर्ण नाव आहे का ते पाहावे. कधी यादीत नाव असते, पण बोर्डातील बायोस नावाचा मूळ प्रोग्राम अमुक आवृत्तीचा हवा, अशी अट असते. ती आवृत्ती दुकानातच घालून घ्यावी.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. ‘आय फाइव्ह’ हे नाव कित्येक पिढ्यांच्या प्रोसेसरना दिलेले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या रचनेचा बोर्ड आणि तितकाच जुना प्रोसेसर ‘आय फाइव्ह संगणक’ म्हणून स्वस्तात मिळू शकतो. नाव खोटे नसते, पण पिढी सांगितलेली नसते. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. अशा जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालेल, आणि समजून उमजून घेतले तर त्यात गैर काहीच नाही. पण लोकवर्गणीतून नवा म्हणून संगणक घ्यावा आणि तो पहिल्याच दिवशी म्हातारा निघावा, ही शाळेची फसगत होय. ‘पिढी कोणती?’ एवढे दोन शब्द विचारण्याचा संकोच करू नये.

तिसरी बाब रॅमची. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पट्ट्या लांबीने सारख्या दिसतात, पण त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. जोर केला तर मोडतोड मात्र होते. एएम ४ ला डीडीआर ४, एएम ५ ला डीडीआर ५. एलजीए १७०० चे काही बोर्ड चार घेतात, काही पाच. तेव्हा जुन्या संगणकातील डीडीआर ४ रॅम वापरावयाची असेल तर तसा बोर्ड पाहून घ्यावा; तेवढाच खर्च वाचतो. रॅमच्या खाचा दोन आहेत की चार, हेही मोजा. दोनच असतील आणि दोन्ही लहान पट्ट्यांनी भरल्या, तर पुढे वाढ करताना आधीच्या पट्ट्या काढाव्या लागतात.

बोर्डांच्या नावांतही अर्थ असतो. इंटेलच्या बाजूला एच ६१० हा साधा, बी ७६० हा मधला, झेड ७९० हा हौशी जाणकारांचा. एएमडीकडे ए, बी आणि एक्स अशी साधारण चढण आहे. कार्यालयीन कामाला पहिली पायरी पुष्कळदा पुरते. पुढे वाढ करावयाची असेल त्याने दुसरी घ्यावी. तिसरीचे पैसे बहुतेकांनी वाचवावेत आणि ते अधिक रॅम, चांगला एसएसडी आणि विश्वासू एसएमपीएस यांत घालावेत.

गावच्या शाळेच्या दृष्टीने बोर्डाची मागची बाजू फार महत्त्वाची. वर्गातला प्रोजेक्टर किंवा जुना मॉनिटर जर निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलचा असेल, तर बोर्डावर व्हीजीए आहे का ते पाहा. गंमत अशी की साध्या बोर्डांवर ते बहुधा सापडते आणि महागड्यांवर नसते. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. मग बोर्डावर तोंडे असूनही पडदा काळाच राहतो, आणि ग्राफिक कार्डाचा वेगळा खर्च येतो. वायफाय हवे असेल तर तेही प्रत्येक बोर्डात असतेच असे नाही.

आकारही पाहावा. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ चा, आणि मिनी आयटीएक्स १७० गुणिले १७० चा. आपल्या कॅबिनेटमध्ये कोणता बसतो ते मोजून घ्या. जुना एसएमपीएस वापरणार असाल तर त्याला २४ पिनांची मुख्य वायर आणि प्रोसेसरसाठी बोर्डाला हवी तशी ४ किंवा ८ पिनांची वायर आहे ना, हे तपासा.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या मालाचा जुना बाजार. तेथे घ्या वा तालुक्याच्या गावी घ्या, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीला बोर्ड कोठे न्यावा लागेल, तेही विचारावे. एलजीए सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात. एक वाकली तरी हमी नाकारली जाऊ शकते. म्हणून दुकानातच झाकण उघडून सॉकेट पाहून घ्यावे आणि ते प्लॅस्टिकचे झाकण जपून ठेवावे. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी विजेविषयी. पावसाळ्याची दमट हवा आणि जाता-येता उसळणारी वीज हे कोकणपट्टीत बोर्डाचे दोन वैरी. भिंतीतल्या तिसऱ्या छिद्राला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेट ओल्या भिंतीला टेकवू नये, आणि जमल्यास यूपीएस लावावा.

श्रोतेहो, दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर सहा ओळी लिहा: काम, प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि पिढी, सॉकेट, रॅमचा प्रकार, लागणारी तोंडे, कॅबिनेटचा आकार. शिक्षकांनी हा कागद वरच्या वर्गातील मुलांकडूनच तयार करून घ्यावा. यंत्र शाळेत येण्याआधीच त्यांचा पहिला धडा होऊन जाईल, आणि गावाने विश्वासाने दिलेला पैसाही योग्य जागी पडेल.